अलर्टिंग प्लगिन एका नोडवर टाकून भागत नाही

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. ओपनसर्च या सर्च इंजिनचा नऊ नोडचा, म्हणजे एकत्र चालणाऱ्या नऊ सर्व्हरांचा क्लस्टर आहे, तीन मास्टर (क्लस्टर सांभाळणारे) आणि सहा डेटा (माहिती ठेवणारे). पॅकेज 'मिन', म्हणजे प्लगिनांशिवायचं. वरून आदेश आला की मॉनिटरिंग आणि अलर्टिंग बसवा. तुम्ही एका डेटा नोडवर अलर्टिंग प्लगिन टाकलं, नोड रीस्टार्ट केला. आता मॉनिटर (ठरावीक वेळाने एखादी अट तपासणारं काम) बनवायला गेलं की कधी एरर येते, कधी येत नाही. वेळ वाचवायला त्या नोडवरचं प्लगिनचं फोल्डर दुसऱ्या नोडवर कॉपी केलं, तर तो नोड उठतच नाही. सर्च बंद न पाडता हे काम कसं उरकायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

दोन्ही लक्षणांची कारणं वेगळी आहेत.

पहिलं लक्षण सरळ आहे. प्लगिन क्लस्टरवर बसत नाही, नोडवर बसतं. तुमची विनंती लोड बॅलन्सरमधून, म्हणजे विनंत्या नोडांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेतून येते. ती प्लगिन असलेल्या नोडवर पडली तर उत्तर मिळतं. इतर आठांपैकी कुठे पडली तर त्या बिचाऱ्याला अलर्टिंगचा पत्ताच ठाऊक नसतो आणि तो 'असा यूआरआय हाताळणारा कोणी नाही' म्हणून परत पाठवतो. म्हणून प्लगिन नऊच्या नऊ नोडवर हवं, मास्टरसुद्धा धरून. 'मास्टरवर डेटा नसतो, तिथे कशाला' हा युक्तिवाद मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकला आहे आणि तिन्ही ठिकाणी पुन्हा रीस्टार्टची रात्र काढावी लागली.

दुसरं लक्षण जास्त महत्त्वाचं, कारण त्यामागे तुमच्या क्लस्टरमधला एक जुना दोष लपलेला दिसतो. प्रत्येक प्लगिनसोबत एक वर्णनाची फाइल येते, त्यात ते ओपनसर्चच्या कुठल्या व्हर्जनसाठी बांधलं आहे ते लिहिलेलं असतं. २.११.० साठी बांधलेलं प्लगिन २.११.१ वर चालत नाही. शेवटचा आकडा बदलला तरी नोड सुरू व्हायला नकार देतो. प्लगिनच्या नावात मात्र चार आकडे असतात, २.११.१.० असे. त्यातले पहिले तीन ओपनसर्चचे, चौथा प्लगिनचा स्वतःचा. एका नोडवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही, याचा अर्थ बहुधा एवढाच की नऊ नोडची व्हर्जन्स सारखी नाहीत. कधीतरी एखादं मशिन बिघडलं असेल, कोणीतरी नवं उभं केलं असेल, आणि त्या दिवशी रेपॉझिटरीत जे ताजं होतं ते बसलं असेल. हे फार ठिकाणी होतं.

कॅट नोड्सच्या (नोडांची यादी देणारी विनंती) आउटपुटमध्ये व्हर्जनचा कॉलम मागवा आणि नजर टाका. आकडे वेगळे असतील तर प्लगिन विसरा, आधी सगळे नोड एका व्हर्जनवर आणा. मिश्र व्हर्जनचा क्लस्टर वरवर चालत राहतो, पण नव्या व्हर्जनच्या नोडवर प्रायमरी शार्ड (इंडेक्सचा, म्हणजे डेटाच्या साठ्याचा, मूळ तुकडा) असेल तर त्याची रेप्लिका (प्रत) जुन्या व्हर्जनच्या नोडवर जाऊ शकत नाही. म्हणजे आज हिरवा (सगळे शार्ड जागेवर) दिसणारा क्लस्टर उद्या एखादा नोड पडल्यावर विनाकारण पिवळा (काही रेप्लिका बसायच्या बाकी) अडकून बसेल. आणि फोल्डर कॉपी करू नका. प्लगिन बसवण्याची कमांड वापरली असती तर तिने व्हर्जन बघून तिथल्या तिथे नकार दिला असता, चालता नोड पडला नसता.

जुने लेख वाचून गोंधळ होतो म्हणून थोडा इतिहास. इलॅस्टिकसर्चच्या १.x च्या काळात मॉनिटरिंगसाठी मार्व्हल नावाचं प्लगिन होतं, अलर्टसाठी २०१५ मध्ये वॉचर आलं, आणि त्याच्याआधी लायसन्स नावाचं वेगळं प्लगिन टाकावं लागे. २०१६ मध्ये ५.० आलं तेव्हा हे सगळं एक्स-पॅक या एकाच गाठोड्यात बांधलं गेलं. २०१८ मध्ये ६.३ पासून एक्स-पॅक मूळ पॅकेजमध्येच येऊ लागलं. आज ते इन्स्टॉल करायला गेलात तर 'आधीच आत आहे' असं उत्तर मिळतं. २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ओपन डिस्ट्रो काढलं, त्यात अलर्टिंगचं मुक्त प्लगिन होतं. २०२१ मध्ये इलॅस्टिकने लायसन्स बदललं, तेव्हा ७.१०.२ पासून फांदी फुटून ओपनसर्च झालं. आजही ओपनसर्च अलर्टिंगचे मुख्य इंडेक्स 'ओपनडिस्ट्रो' या नावाने सुरू होतात, ते याच वारशामुळे. तेव्हा लायसन्स प्लगिन शोधत बसू नका, ते तुमच्या गावचं नाही.

तुम्हाला काय काय टाकायचं? अलर्टिंग तर आहेच. पण २.० पासून निरोप पाठवण्याचं काम नोटिफिकेशन्स नावाच्या वेगळ्या प्लगिनकडे गेलं आहे, आणि त्याच्या आधी नोटिफिकेशन्स-कोअर लागतं. हे विसरलं की मॉनिटर बनतो, ट्रिगर (अलर्टची अट) पेटतो, आणि निरोप कुठेच जात नाही. ही प्लगिनं नुसत्या नावाने उतरत नाहीत, मेव्हन या भांडारातला पूर्ण पत्ता व्हर्जनसकट द्यावा लागतो. सर्व्हरना इंटरनेट नसेल (आणि नसावंच) तर झिप आधी उतरवून फाइलच्या मार्गावरून बसवा. कमांड परवानग्यांबद्दल हो-नाही विचारते, स्क्रिप्टमधून चालवताना बॅच पर्याय द्या नाहीतर ती रात्रभर उत्तराची वाट बघत बसेल. डॅशबोर्ड्सच्या (ओपनसर्चची वेब स्क्रीन) बाजूचं अलर्टिंग प्लगिन वेगळं, तेही त्याच व्हर्जनचं, आणि ते डॅशबोर्ड्सच्या सर्व्हरवर जातं.

डॉकर किंवा कुबरनेटिसवर असाल तर चालत्या कंटेनरमध्ये शिरून प्लगिन टाकू नका. कंटेनर नव्याने बनला की प्लगिन गेलं. इमेजमध्येच बांधा.

आता रीस्टार्टचा भाग, जिथे खरी घाई आणि खऱ्या चुका होतात. एका वेळी एकच नोड. आधी डेटा नोड, मग मास्टर, आणि जो मास्टर त्या क्षणी निवडून आलेला आहे तो सगळ्यात शेवटी, म्हणजे निवडणूक एकदाच होईल. काम सुरू करण्याआधी क्लस्टर हिरवा हवा आणि ताजा स्नॅपशॉट (बॅकअप) हवा. मग प्रत्येक डेटा नोडसाठी तेच चक्र: शार्ड वाटपाची सेटिंग 'प्रायमरीज' करा, म्हणजे नोड खाली गेल्यावर क्लस्टर घाबरून रेप्लिका इकडेतिकडे हलवणार नाही. फ्लश करा, म्हणजे नोड परत आल्यावर ट्रान्सलॉग (अजून पक्क्या न झालेल्या बदलांची नोंद) वाचण्यात वेळ जाणार नाही. नोड थांबवा, प्लगिनं टाका, सुरू करा. तो कॅट नोड्समध्ये दिसला की वाटपाची सेटिंग परत 'नल' (म्हणजे डीफॉल्ट) करा आणि हिरवा होईपर्यंत थांबा. मगच पुढचा नोड. वाटप न रोखता नोड खाली घेतला तर क्लस्टर डीफॉल्टने एक मिनिट वाट बघतो आणि मग रेप्लिका नव्याने बांधायला घेतो. मोठ्या शार्डांच्या क्लस्टरवर हे सुरू झालं की डिस्क आणि नेटवर्क दोन्ही गुदमरतात, आणि तुमचा नोड तेवढ्यात परत आला तरी फारसा उपयोग नसतो.

'सेटिंग परत नल करा' हे वाक्य दोनदा वाचा. मी एकदा रात्री एकच्या सुमाराला शेवटचा नोड उठवला, सगळं हिरवं दिसलं, आणि झोपायला गेलो. सेटिंग 'प्रायमरीज'वरच राहिली होती. पहाटे साडेपाचला क्लस्टर पिवळा. साडेपाचलाच का? लॉगचे रोजचे इंडेक्स यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) तारखेने बनतात आणि यूटीसीचा दिवस आपल्याकडे साडेपाचला उजाडतो. नवा इंडेक्स बनला, त्याच्या प्रायमरी बसल्या, रेप्लिकांना बसायला बंदी होती. नव्याकोऱ्या अलर्टिंग प्लगिनने पाठवलेला पहिला निरोप माझ्याच चुकीचा होता. प्लगिन नीट बसलं आहे याची मात्र खात्री झाली.

सगळे नोड झाले की कॅट प्लगिन्स, म्हणजे प्रत्येक नोडवरच्या प्लगिनांची यादी मागवा. नऊ नोड गुणिले तीन प्लगिनं, सत्तावीस ओळी यायला हव्यात. मोजा. त्याच्याआधी एकही मॉनिटर बनवू नका. अर्धवट क्लस्टरवर बनवलेला मॉनिटर कुठे चालेल आणि कुठे अडखळेल याचा नेम नाही.

यापुढचा टप्पा म्हणजे कीस्टोअर (पासवर्ड ठेवायची सुरक्षित फाइल) आणि नेटवर्क. माझ्या अनुभवात अलर्टिंगच्या दहातल्या सात तक्रारी इथल्या निघतात. एसएमटीपीचं (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचं) युजरनेम आणि पासवर्ड ओपनसर्चच्या कीस्टोअरमध्ये ठेवावे लागतात, आणि कीस्टोअर प्रत्येक नोडचा स्वतंत्र असतो. तो क्लस्टरमध्ये आपोआप पसरत नाही. मॉनिटर मात्र वेगवेगळ्या नोडवर वाटले जातात. म्हणजे एखादा मॉनिटर ज्या नोडवर चालतो, तिथूनच मेल निघतो. एका ठिकाणी तक्रार होती की डिस्कचे अलर्ट येतात, हीपचे (जावाच्या मेमरीचे) येत नाहीत. दोन दिवस टीम हीपच्या ट्रिगरची अट उलटसुलट करत होती. अट बरोबरच होती. कीस्टोअर फक्त दोन नोडवर भरला होता आणि मेल सर्व्हरकडे जायची फायरवॉलची वाटही त्याच दोन नोडना उघडून दिली होती. डिस्कचा मॉनिटर नशिबाने तिथे पडला होता, हीपचा दुसरीकडे. तेव्हा कीस्टोअर प्रत्येक नोडवर भरा, सिक्युअर सेटिंग्ज रीलोड करण्याची विनंती पाठवा, आणि प्रत्येक नोडवरून मेल सर्व्हरचा किंवा वेबहुकचा (निरोप घेणाऱ्या वेब पत्त्याचा) पोर्ट उघडतो का ते हाताने तपासा. टारबॉलवरून बसवलेलं असेल तर ही कमांड ज्या युजरने ओपनसर्च चालतं त्याच युजरने चालवा. रूटने चालवलीत तर कीस्टोअरची फाइल रूटच्या मालकीची होते आणि पुढच्या रीस्टार्टला नोड ती वाचू शकत नाही.

सिक्युरिटी प्लगिन चालू असेल तर आणखी एक गाठ आहे. मॉनिटर ज्याने बनवला किंवा शेवटचा बदलला, त्याच्या अधिकारांनी चालतो. कमी अधिकाराच्या कोणी मेसेजमधला एक शब्द सुधारून सेव्ह केलं, की दुसऱ्या दिवसापासून मॉनिटरला तो इंडेक्सच दिसेनासा होतो. अलर्टसाठी वेगळं सर्व्हिस खातं ठेवा आणि बदल त्यातूनच करा.

आता अलर्ट कशावर लावायचे? इथे माझी मतं जरा ठाम आहेत.

स्टेटस पिवळा झाल्याक्षणी फोन वाजवू नका. रीस्टार्टमध्ये, नव्या इंडेक्सच्या जन्मात क्षणभर पिवळा येतोच. पंधरा मिनिटं पिवळा राहिला तर मेल, लाल झाला तर ताबडतोब फोन. लाल म्हणजे एखादा प्रायमरी शार्ड कुठेच बसलेला नाही, त्यावर चर्चा नको.

नोडच्या संख्येवर वेगळा अलर्ट हवाच, आणि हा बहुतेक लोक विसरतात. सहापैकी एक डेटा नोड मेला, क्लस्टर पिवळा झाला, तासाभरात रेप्लिका उरलेल्या पाचांवर बांधून झाल्या आणि रंग परत हिरवा. स्टेटस बघणाऱ्याला वाटतं संकट टळलं. प्रत्यक्षात तुम्ही एक मशिन गमावून बसला आहात आणि बाकीच्या पाचांच्या डिस्क फुगल्या आहेत.

डिस्कचं गणित ठरलेलं आहे. डीफॉल्टने ८५ टक्क्यांवर नोड नवे शार्ड (नव्या इंडेक्सचे प्रायमरी सोडून) घेणं थांबवतो, ९० वर असलेले दुसरीकडे ढकलायला लागतो, आणि ९५ वर त्या नोडवर शार्ड असलेल्या इंडेक्सांना लिहायची बंदी होते. माझा पहिला अलर्ट ८० ला असतो. ९० ला अलर्ट लावणं म्हणजे घरात पाणी शिरल्यावर नदीची पातळी मोजणं.

हीपचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत असतो, तो तसाच असायला हवा. एका क्षणाचा आकडा बघून अलर्ट लावाल तर दिवसाला शंभर येतील. ८५ टक्क्यांच्या वर सलग दहा मिनिटं राहिला, म्हणजे कचरा गोळा करूनही जागा सुटत नाही, तर कळवा.

नाकारलेल्या विनंत्यांचा आकडा नोड सुरू झाल्यापासूनचा एकूण असतो. 'शून्यापेक्षा जास्त' अशी अट लावली तर एकदा पेटलेला अलर्ट नोडच्या पुढच्या रीस्टार्टपर्यंत विझत नाही. मागच्या वेळेपेक्षा किती वाढला ते बघावं लागतं. प्लगिनच्या क्लस्टर मेट्रिक्स मॉनिटरमध्ये हे जमवायला झटापट करावी लागते. मी सरळ प्रॉमिथियस (मोजमापं साठवणारी वेगळी प्रणाली) एक्स्पोर्टरचं प्लगिन टाकतो आणि तिथल्या दराच्या फंक्शनने काढतो. त्या प्लगिनलाही व्हर्जनचा तोच नियम लागू आहे.

स्नॅपशॉट फसला तर अलर्ट हवा. यावर जास्त बोलत नाही, ज्याला हवा असताना स्नॅपशॉट मिळाला नाही तो आपणहून लावतो.

थ्रॉटल (दोन निरोपांमधलं किमान अंतर) प्रत्येक अ‍ॅक्शनला लावा, नाहीतर दर मिनिटाला तोच मेल येईल आणि तिसऱ्या दिवशी टीम तो मेल परस्पर फोल्डरात टाकण्याचा नियम बनवेल. आणि अ‍ॅक्नॉलेज (म्हणजे 'बघितला' अशी खूण) केलेला अलर्ट अट खोटी होऊन पुन्हा खरी होईपर्यंत गप्प राहतो, हे रात्रपाळीच्या मंडळींना नीट सांगून ठेवा. झोपेत बटण दाबलं की तो विषय सकाळपर्यंत बंद. मेसेजात क्लस्टरचं नाव, काय झालं, किती झालं आणि पहिलं काय बघायचं हे चारच मुद्दे असू द्या. आमच्या टीमने मराठीत लिहिले आहेत. रात्री तीनला डोळे चोळत वाचताना बरं पडतं.

वेळापत्रकाचं म्हणाल तर मॉनिटरला टाइमझोन निवडता येतो, तो आठवणीने निवडा. इलॅस्टिकच्या वॉचरमध्ये क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारं वेळापत्रक) डीफॉल्टने यूटीसीत चालतं. रात्री दोनला म्हणून लावलेली तपासणी आपल्याकडे सकाळी साडेसातला चालते आणि चहाच्या वेळी रात्रीची बातमी देते. वॉचरचा विषय निघालाच आहे तर, तुमचा दुसरा एखादा क्लस्टर इलॅस्टिकसर्चवर असेल तर त्याच्या ३० दिवसांच्या चाचणी लायसन्सची तारीख कॅलेंडरात टाका. मुदत संपल्यावर वॉच चालत राहतात, इतिहासात नोंदीही होतात, फक्त अ‍ॅक्शन होत नाही. स्क्रीनवर सगळं जिवंत, आणि निरोप एकही नाही.

राहता राहिली मूळ अडचण, जी कुठल्याही प्लगिनने सुटत नाही. अलर्टिंगची सगळी माहिती त्याच क्लस्टरच्या इंडेक्समध्ये राहते. मास्टरांचं बहुमत गेलं किंवा नेमका तोच इंडेक्स लाल झाला, तर अलर्ट पाठवणाराच आडवा पडतो. ज्या रात्री तुम्हाला अलर्टची सर्वात जास्त गरज असते, त्याच रात्री तो येणार नाही. म्हणून क्लस्टरच्या बाहेर, वेगळ्या मशिनवर, एक साधी क्रॉनची स्क्रिप्ट ठेवा. दर मिनिटाला क्लस्टर हेल्थ विचारायची, पाच सेकंदांत उत्तर आलं नाही किंवा लाल आलं तर स्वतःच्या वाटेने फोन वाजवायचा. दहा ओळींची स्क्रिप्ट आहे. याच्या जोडीला उलटा एक मॉनिटर: अट कायम खरी, दररोज सकाळी दहाला 'मी चालू आहे' एवढाच निरोप. तो आला नाही की समजायचं प्लगिन, कीस्टोअर, मेल सर्व्हर यांपैकी काहीतरी तुटलं आहे. हा निरोप माणसाने बघायचा नाही, माणूस चार दिवसांत विसरतो. तो न आल्यास ओरडणारं दुसरं यंत्र असू द्या.

शेवटी चाचणी, तीही दिवसाढवळ्या, ऑफिसच्या वेळेत, सगळे जागे असताना. वाटपाला हात न लावता एक डेटा नोड मुद्दाम बंद करा आणि घड्याळ लावा. नोड कमी झाल्याचा निरोप किती मिनिटांत, कोणाच्या फोनवर आला? नोड लगेच परत उठवा. तेच दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नोडवर करा, कारण पहिल्या वेळी मॉनिटर कुठल्या नोडवरून चालला हे तुम्हाला माहीत नाही.

तुमच्या बाबतीत क्रम असा धरा: आज फक्त तो पडलेला नोड उठवा, म्हणजे कॉपी केलेलं फोल्डर काढून टाका आणि नोड सुरू करा. पहिल्या नोडवरचं प्लगिन सध्या आहे तिथेच राहू दे, पण त्यावर बनलेले मॉनिटर पुसा. उद्या व्हर्जन्स तपासून सारखी करण्याचं काम लावा. त्या रीस्टार्टांमध्येच प्लगिनंही टाकून घ्या, म्हणजे नऊ नोड दोनदा फिरवावे लागणार नाहीत. फक्त झिप नव्या व्हर्जनची घ्या, आणि पहिल्या नोडवरचं जुनं प्लगिन अपग्रेडच्या आधी काढायला विसरू नका, नाहीतर तोही उठायचा नाही.